वडिलांची ठासणीची बंदूक कोणाच्या नावावर करावी?

आंबेवाला: गेल्या आठवड्यात वडील वारले. शेतरक्षणासाठी परवाना घेतलेली त्यांची ठासणीची बंदूक माजघरात खुंटीला टांगलेली आहे. माझे वय 34, भावाचे 19. परंतु बाग तो सांभाळतो आणि रानडुकरे फार माजली आहेत, म्हणून ती त्याच्या नावावर व्हावी अशी आईची इच्छा आहे. कुलपाच्या कपाटासह 8,000 रुपयांत भागवायचे आहे.

बारा_बोअर: ठासणीच्या नादी लागू नका. मी लाखभर मोजून दुनळी घेतली. घ्यायची तर चांगलीच घ्यावी.

तारीख_पे_तारीख: 1959 च्या शस्त्र अधिनियमातील कलम 9 प्रमाणे 21 वर्षे पूर्ण न झालेल्यास बंदूक बाळगता येत नाही, त्यामुळे भावाचे नाव बाद. हिंसेच्या वा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झालेल्यास ती संपल्यावर पाच वर्षे, तर शांतता राखण्याचे बंधपत्र द्यावे लागलेल्यास त्याची मुदत संपेपर्यंत मनाई असते. बांधाच्या भांडणात आपण असे बंधपत्र दिले होते का, हे आधी आठवून पाहा.

कोडगूचा_जावई: माझ्या सासरी, कर्नाटकातल्या कोडगूत, परवानाच लागत नाही.

तारीख_पे_तारीख: ती सूट कोडव समाजाला आणि तिथल्या जम्मा (वंशपरंपरागत) जमीनधारकांना आहे, तीही 2029 पर्यंत. जावयाला नाही.

दोनच_उरल्या: 2019 च्या दुरुस्तीने तीनाऐवजी दोनच शस्त्रांची मर्यादा आली आणि आजोबांची बंदूक, दस्त्यावर त्यांच्या गालाने पडलेल्या गुळगुळीत डागासकट, मला जमा करावी लागली. तुम्ही मात्र स्वतःच्या नावावर कराच.

रानवाट: सर्वांत आधी ती खुंटीवरून काढा. परवाना माणसाचा असतो, घराचा नव्हे. विनापरवाना बाळगल्यास दोन ते पाच वर्षांची कैद आहे. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या, मग वारस म्हणून अर्ज करा. शिवाय परवाना मिळाला म्हणून डुक्कर मारता येत नाही. त्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

तारीख_पे_तारीख: मीही तेच सांगणार होतो. अर्ज तुमच्याच नावाने करा.

आंबेवाला: बंदूक काल ठाण्यात जमा केली. अर्ज करणार नाही. परवानगीवाचून डुकरावर चालवता येत नसेल, तर तिच्यासाठी कपाट कशाला? त्या पैशांत कुंपणाला झटका मशीन बसवतो. आई अबोला धरून आहे.

बारा_बोअर: झटका मशीनही चांगलेच घ्या. माझे बावीस हजारांचे आहे.