मदत हवी आहे: गेममधील नायिकेला नऊवारी नेसवताना काष्टा बिघडतो

नमस्कार मंडळी,

इंदूरमध्ये आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून एक छोटा फँटसी गेम तयार करत आहोत आणि त्यातील पात्रांच्या वेशभूषेचे काम माझ्याकडे आहे. नायिका नदीकाठच्या एका काल्पनिक किल्ल्याची राखणदार आहे. तिला चोपून नेसलेले नऊवारी लुगडे, छातीवर चारआईना (चार पत्र्यांचे चिलखत) आणि हातांत दस्ताने (हातांचे चिलखत) असा वेश द्यायचे ठरले आहे. चित्रे काढून झाली आहेत. अडचण येते ती हे लुगडे त्रिमितीय पात्राला नेसवताना.

नऊवारीचा आग्रह केवळ मराठीपणापोटी नाही. गेममधील योद्धा स्त्रियांना बहुधा एक तर अर्धे अंग उघडे टाकणारे चिलखत मिळते, नाही तर पायघोळ झगा. स्तनांच्या आकाराचे दोन उंचवटे ठोकलेल्या चिलखतावर वार बसला, तर तो बाहेरच्या बाजूला निसटण्याऐवजी मधल्या खाचेकडे, म्हणजे थेट छातीच्या हाडाकडे वळतो. झग्याचे दुखणे वेगळे आहे: गेममध्ये कपडे पात्राच्या आतल्या, हालचाल घडवणाऱ्या सांगाड्याला बांधलेले असतात, त्यामुळे पात्र धावू लागले की मांड्या कापडातून आरपार बाहेर येतात आणि मग झग्याचे पुढे-मागे पट्टे पाडावे लागतात. काष्ट्याच्या नेसणीत कापड मुळातच दोन पायांत विभागलेले असते, त्यामुळे ते विजारीसारखे सांगाड्याबरोबर हलते. शिवाय आमच्या गेममध्ये कॅमेरा कायम नायिकेच्या पाठीमागे असतो, आणि पाठमोऱ्या बाजूने नऊवारीइतकी देखणी नेसण मला तरी दुसरी माहीत नाही.

कापड महेश्वरी धर्तीचे घेतले आहे, अंगभर बारीक चौकडी आणि काठावर चटई व हिऱ्याची नक्षी. संपूर्ण वस्त्र एकच आयत असल्यामुळे काठाची नक्षी कुठेही वाकडी होत नाही. जपानी लोलिता फॅशनमध्येही (फुगीर घागऱ्यांची, बाहुलीसारखी वेशभूषा) काठाची छपाई असलेल्या घागऱ्याचे कापड तिरपे न कापता आयताकृतीच ठेवून कमरेला चुण्या घालतात, ते याच कारणाने.

आता मूळ अडचण. मी ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रे घडवण्याचे सॉफ्टवेअर वापरते. ९ वारांचा, म्हणजे सुमारे ८.२ मीटर लांबीचा पट्टा कमरेभोवती गुंडाळणे, गाठीच्या जागी तो पक्का करणे आणि समोर निऱ्या घालणे इथपर्यंत सर्व नीट होते. निऱ्यांचा मधला भाग दोन पायांमधून मागे ओढून कमरेत खोचायला घेतला, की कापडाचे थर एकमेकांतून आरपार जाऊ लागतात. कापडाची स्वतःशीच होणारी टक्कर मोजण्याचा पर्याय सुरू केला तर संपूर्ण लुगडे थरथरत राहते. थरांमधील अंतर वाढवले तर ते थांबते, पण मग नेसण गोधडीसारखी फुगते.

यावर एक उपाय सुचवला गेला आहे: नृत्याच्या कार्यक्रमांसाठी शिवलेली नऊवारी मिळते, त्याप्रमाणे दोन पाय, निऱ्या, काष्टा आणि पदर असे वेगवेगळे भाग करून जोडावेत. उभ्या पात्रावर ते बरे दिसते. मात्र खऱ्या नेसणीत मांडीवरच्या आणि पोटरीवरच्या सगळ्या चुण्या मागच्या खोचणीच्या ताणामुळे पडतात. तो ताण नसला की लुगड्याची सलवार होते, आणि मला ते मान्य नाही.

म्हणून विचारते: नऊवारी, धोतर किंवा असे कोणतेही न शिवलेले वस्त्र कोणी अखंड ठेवून पात्राला नेसवले आहे का? निऱ्या आधीच सपाट घडी घालून मग कमरेला लावाव्यात, की अंगावरच घालाव्यात? काष्टा ओढताना पात्राचे पाय फाकवून उभे करावे आणि नंतर जवळ आणावे, हा क्रम उपयोगी पडतो का? नेसण पूर्ण झाल्यावर आतले थर काढून टाकावेच लागतील हे मला कळते, पण काष्ट्याजवळ ते कुठून कापावेत, म्हणजे वाकल्यावर पोकळी दिसणार नाही, याचा अंदाज येत नाही.

दुसरा प्रश्न पदराचा. चारआईन्यात छाती, पाठ आणि दोन्ही कुशी यांवर चार पत्रे येतात व ते पट्ट्यांनी एकमेकांना बांधलेले असतात. पदर त्यांच्याखालून घेऊन कमरेला गुंडाळावा असे माझे मत आहे, कारण वर ठेवलेला पदर लढताना शत्रूच्या हाती सापडेल. पण तसे केले तर पदराचा काठ जवळजवळ दिसेनासा होतो. रंगभूमीवर वेशभूषा करणाऱ्यांपैकी कोणी पत्र्याचे चिलखत लुगड्यावर बांधले असेल, तर पदर कसा घेतला होता ते जरूर सांगावे.

माझ्या आजीने मला नेसून दाखवले, परंतु तिची नेसण घोट्यापर्यंतची, घरातली आहे. मला शेतात किंवा बंदरावर काम करणाऱ्या स्त्रियांची, गुडघ्याच्या जरा खाली राहणारी नेसण हवी आहे. कोणाच्या घरी आई, मावशी किंवा आजी तशी नेसत असतील, तर त्यांच्या परवानगीने पाठीमागून आणि बाजूने, चालताना व जिना चढताना काढलेली छायाचित्रे मिळाल्यास फार मदत होईल. चेहरा दिसण्याची गरज नाही; काष्टा नेमका कुठे खोचला आहे आणि पाऊल उचलल्यावर मांडीमागच्या चुण्या कोणत्या दिशेने ओढल्या जातात, एवढे स्पष्ट दिसले तरी पुरे.