मदत हवी आहे : व्हीए लोनच्या अप्रेझलची लांबची ऑर्डर परत करावी का, आणि कशी?

अनघा_टेंपल

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकेत घरांच्या व्यवहारात असलेले बरेच जण आहेत हे जुने धागे वाचून माहीत आहे, म्हणून विचारते आहे. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

मी टेक्ससमध्ये टेंपलला राहते. घरांचं अप्रेझल, म्हणजे बाजारमूल्य ठरवण्याचं काम करते, राज्याचं सर्टिफाइड रेसिडेन्शियल लायसन्स आहे. तीन वर्षांपासून व्हीएच्या पॅनलवर, म्हणजे त्यांनी मान्यता दिलेल्या अप्रेझरांच्या यादीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : व्हीए म्हणजे इथलं माजी सैनिकांचं खातं. १९४४ च्या कायद्यापासून ते सैनिकांच्या गृहकर्जाला हमी देतं. पैसे बँकच देते, पण हमी असल्यामुळे सैनिकाला बहुतेक वेळा डाउन पेमेंट भरावं लागत नाही. त्याआधी घराचं अप्रेझल व्हावं लागतं, आणि ते कोण करणार हे लेंडर (कर्ज देणारी बँक) ठरवत नाही. लेंडर विनंती टाकतो आणि व्हीएची प्रणाली पॅनलवरच्या माणसांना पाळीपाळीने काम देते. ओळखीचा, 'हवा तो आकडा देणारा' माणूस कुणाला निवडता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. मला ही पद्धत मनापासून पटते.

फीसुद्धा व्हीएच ठरवतं. राज्यागणिक तक्ता असतो, त्यावर कमाल रक्कम आणि किती कामाच्या दिवसांत रिपोर्ट द्यायचा ते लिहिलेलं असतं. फोर्ट हूडच्या लष्करी तळाच्या आसपास, म्हणजे किलीन, हार्कर हाइट्स, कोपरस कोव्ह इथे ती फी छान परवडते. एकसारखी घरं, गेल्या महिन्यात विकलेली चार घरं त्याच गल्लीत सापडतात. अडचण पश्चिमेकडच्या काउंट्यांची (इथले जिल्हे) आहे. पॅनलवर येताना उत्साहाने मी त्याही घेतल्या होत्या.

मार्चमध्ये सॅन सबाच्या पुढे एक बार्नडोमिनियम आलं. पत्र्याची मोठी शेड, अर्ध्या भागात राहतं घर, अर्ध्यात वर्कशॉप, भोवती बावीस एकर. जाऊन-येऊन १७५ मैल. टेक्ससमध्ये घर कितीला विकलं हे सरकारदरबारी जाहीर करावं लागत नाही, त्यामुळे विक्रीचा भाव कळायला एमएलएस, म्हणजे एजंटांची घरविक्रीची सामाईक नोंद, हाच आधार, आणि तिकडे निम्मे व्यवहार एमएलएसवर येतच नाहीत. तुलनेला घरं शोधण्यात दोन दिवस गेले. स्थानिक एजंटांना फोन करकरून एकेक भाव पक्का केला. तरी करारातल्या किमतीपर्यंत मूल्य पोचेना, म्हणून टाइडवॉटर करावं लागलं : 'मूल्य कमी येण्याची शक्यता दिसते, अजून विक्रीची माहिती असेल तर द्या' असं लेंडरने नेमलेल्या माणसाला कळवायचं, आकडा सांगायचा नाही, आणि दोन कामाचे दिवस थांबायचं. वर माळ्याच्या जिन्याला कठडा नव्हता आणि वर्कशॉपमध्ये वायर उघड्या लोंबत होत्या. ती दुरुस्ती झाली का हे पाहायला पुन्हा १७५ मैल. रीइन्स्पेक्शनची फी वेगळी मिळते, पण तिकडचा अख्खा दिवस त्यात भरून निघत नाही. तासांचा हिशेब मांडला तर त्या कामात मी किलीनच्या एका घराच्या निम्म्यानेही कमावलं नाही.

आता या आठवड्यात दोन ऑर्डरी एकदम आल्या आहेत. पहिली पुन्हा सॅन सबाकडचीच, मॅन्युफॅक्चर्ड घर (कारखान्यात बांधून जागेवर आणून बसवलेलं), अकरा एकरांवर. दुसरी बेल्टनमधली, घरापासून दहा मिनिटांवर. पण विकणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या भरतनाट्यमच्या शिक्षिका आहेत, आणि 'घर विकायला काढावं का' हे त्यांनी गेल्या वर्षी मलाच विचारलं होतं.

दुसरी परत करावी असं वाटतं. पहिलीचं काय करू? जास्त फी मागता येते का, कुणाकडे, कधी? आणि ती फी शेवटी त्या सैनिकाच्याच खिशातून जाणार असेल तर मागावी का? नाहीच जमलं आणि परत केली, तर पॅनलवरून नाव जाईल का? पॅनलवर येतानाच सांगितलं होतं की सोपी घरं घ्यायची आणि अवघड परत करायची असं चालणार नाही.

पैशाचा प्रश्न आहेच, तो लपवत नाही. पण हे काम मला सोडायचं नाही. माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांनी घरासाठी कर्ज काढलं तेव्हा बँकेने पाठवलेला मूल्यांकनाचा माणूस स्कूटरवरून न उतरताच घर बघून गेला. आईने चहा टाकला होता. तो कपात ओतायच्या आत स्कूटर वळली. रिपोर्टात स्वयंपाकघरामागची खोली धरलीच नव्हती, कर्ज कमी मंजूर झालं आणि बाबांनी उरलेले पैसे मामाकडून घेतले. मला कुणाच्या घरी तसं जायचं नाही, आणि तोट्यात, घाईघाईत काम केलं की माणूस तसाच जातो याची भीती वाटते.

कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

कॅरोलिनाकर

अनघाताई, मी नॉर्थ कॅरोलिनात फेएटव्हिलला, फोर्ट ब्रॅगजवळ, सोळा वर्षं अप्रेझल करतो आहे, त्यातली अकरा व्हीए पॅनलवर.

बेल्टनचं आधी. ती आजच परत करा, विचार करत बसू नका. विकणाऱ्या बाईंनी तुमचा सल्ला घेतलाय, मग घर कितीही सरळ असो. कारण एका ओळीत लिहा : विकणाऱ्या पक्षाशी ओळख आहे, हितसंबंधाचा प्रश्न येतो. अशी परत केलेली ऑर्डर कुणी तुमच्या नावावर धरत नाही. उलट घेतली असती आणि नंतर कळलं असतं तर लायसन्सपर्यंत प्रकरण गेलं असतं.

आता लांबची. तुमच्या राज्याचा फीचा तक्ता पुन्हा उघडा आणि या वेळी आकडे सोडून खालच्या टिपा वाचा. आपण सगळे आकडा बघतो आणि पान बंद करतो. मी स्वतः चार वर्षं त्या वाचल्या नव्हत्या. गुंतागुंतीच्या किंवा फार लांबच्या मालमत्तेबद्दल काय करायचं ते तुमच्या लोन सेंटरच्या, म्हणजे व्हीएच्या विभागीय कर्ज कार्यालयाच्या, नियमांप्रमाणेच करा. माझा अनुभव असा की सगळं *आधी* आणि *लेखी* झालं तर होतं. ऑर्डर आल्यावर घर बघायला जाण्यापूर्वी लेंडरला ईमेल करायची, लोन सेंटरला त्यात ठेवायचं, आणि तीन गोष्टी लिहायच्या : मैल किती, मालमत्ता कशा प्रकारची, त्यामुळे जास्तीचं काम नेमकं कोणतं. 'परवडत नाही' हा शब्द लिहायचा नाही. रिपोर्ट दिल्यावर जास्त फी मागितलीत तर कुणी ऐकणार नाही, आणि ते बरोबरही नाही.

जास्तीची फी कामाची असते, आकड्याची नाही, हे पत्रातूनच दिसलं पाहिजे. मूल्य किती येईल, कर्ज होईल की नाही, यावर आपली फी टांगलेली असता कामा नये. यूएसपॅप, म्हणजे आपल्या व्यवसायाची नियमावली, त्याबाबत अजिबात सवलत देत नाही.

मॅन्युफॅक्चर्ड घरं तुम्ही आधी किती केली आहेत? हे विचारतो कारण क्षमतेचा नियम पैशाच्या आधी येतो. येत नसेल तर ऑर्डर घेताना तसं सांगून शिकून घ्यायचं किंवा सोडायची. तिसरा मार्ग नाही.

अनघा_टेंपल

@कॅरोलिनाकर, खूप आभार. बेल्टनची परत केली, दहा मिनिटांत. मॅन्युफॅक्चर्ड घरं सात-आठ केली आहेत, सगळी इथल्या, बेल काउंटीतली. प्रकार कळतो, भाग कळत नाही.

निलूफर_कोव्ह

मी अप्रेझर नाही. माझा नवरा लष्करात आहे, मी मूळची रत्नागिरीची. दोन वर्षांपूर्वी आम्ही कोपरस कोव्हच्या बाहेर व्हीए लोनवर घर घेतलं, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते.

आमची ऑर्डर एकाने घेतली, सहा दिवस ठेवली आणि मग परत केली. कारण आम्हाला कधी कळलं नाही. दुसऱ्याकडे जाईपर्यंत क्लोजिंगची (व्यवहार पूर्ण करायची) तारीख हुकली, विकणाऱ्याने मुदत वाढवायचे पैसे मागितले. आम्ही तोवर मोटेलमध्ये होतो, दोन मुलं आणि एका खोलीत सगळं सामान. त्या माणसाला नाही म्हणायचा हक्क होता हे मला मान्य आहे. पहिल्या दिवशी म्हणाला असता तर आमची काही तक्रार नव्हती.

फीबद्दल एक सांगते. शंभर-दीडशे डॉलर जास्त द्यावे लागतील हे आधी कळलं असतं तर आम्ही दिले असते. आपल्या घरी येणाऱ्या माणसाला त्याच्या कामाचे पुरेसे पैसे मिळाले आहेत, हे आम्हालाही बरं वाटलं असतं. सैनिकाच्या वतीने आपणच ठरवून टाकू नका ताई, त्याला विचारू द्या. लेंडर विचारेल.

अनघा_टेंपल

निलूफर, हे वाचून गप्पच झाले. ऑर्डर माझ्याकडे येऊन दोन दिवस झाले आहेत. आज रात्रीच ईमेल करते.

हिशेबनीस

करांच्या बाजूने थोडं. तुम्ही व्हीएच्या नोकर नाही, स्वतंत्र व्यावसायिक आहात, म्हणजे शेड्यूल सीवर (करविवरणातला धंद्याच्या नफ्या-तोट्याचा फॉर्म) प्रत्येक धंद्याचा मैल धरता येतो. २०२५ साठी दर ७० सेंट होता. त्या दराने १७५ मैलांचे १२२ डॉलर ५० सेंट होतात. ही रक्कम परत मिळत नाही, उत्पन्नातून वजा होते, एवढं ध्यानात ठेवा. मैलांची वही त्याच दिवशी भरा : तारीख, पत्ता, कशासाठी गेलात. रीइन्स्पेक्शनच्या फेरीची नोंद बहुतेक जण विसरतात.

आणि लेंडर मध्ये एएमसी, म्हणजे अप्रेझलची कामं सांभाळणारी मध्यस्थ कंपनी, घालत असेल तर व्हीएच्या कामात त्या कंपनीचा वाटा तुमच्या फीतून कापला जात नाही, सैनिकाकडूनही घेता येत नाही. तो लेंडरने सोसायचा. पावती नीट बघा.

कॅरोलिनाकर

पुढे परत करायची वेळ आलीच तर एक काळजी घ्या. कारणात अंतर लिहा, क्षमता लिहा, आधीच हातात असलेली कामं लिहा. 'तो भाग', 'तिकडची वस्ती' असे शब्द चुकूनही नकोत. तुमच्या मनात काही नसतं, पण वाचणाऱ्याला भेदभाव दिसू शकतो, आणि घरांच्या बाबतीत इथला कायदा १९६८ पासून कडक आहे.

मॅन्युफॅक्चर्ड घराला जाताना आधी मालकाला फोन करून डेटा प्लेट (कारखान्याने घरात लावलेली माहितीची पाटी) कुठे आहे ते विचारून ठेवा. नव्वद मैल गाडी मारल्यावर ती सापडली नाही असं नको.

अनघा_टेंपल

काय झालं ते सांगते, म्हणजे पुढे कुणी शोधत आलं तर उपयोगी पडेल.

तक्त्याच्या टिपा वाचल्या. मग रात्रीच लेंडरला लिहिलं, ह्यूस्टनच्या लोन सेंटरला सोबत ठेवलं. मजकूर साधारण असा : जाऊन-येऊन १७५ मैल, अकरा एकरांवर मॅन्युफॅक्चर्ड घर, तुलनेला मॅन्युफॅक्चर्ड घरांचीच विक्री लागेल आणि तिकडे ती शोधायला तीन काउंट्या पालथ्या घालाव्या लागतील, म्हणून एवढी जास्तीची रक्कम मागते आहे. मान्य नसेल तर आजच सांगा, म्हणजे ऑर्डर लगेच पुढच्या माणसाकडे जाईल आणि सैनिकाचे दिवस वाया जाणार नाहीत. हे शेवटचं वाक्य निलूफरमुळे आलं.

जास्तीची रक्कम मान्य झाली, आणि ती लेंडर स्वतः भरतो आहे. दर वेळी असं होईल असं मी धरून चालत नाही. मी मागितलं त्यापेक्षा थोडं कमी मिळालं. चालेल.

काल जाऊन आले. डेटा प्लेट स्वयंपाकघरात सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती, कडा पिवळ्या पडलेल्या, पण अक्षर न् अक्षर वाचता आलं. बाहेर घराच्या दोन्ही भागांना सरकारी प्रमाणपत्राची लाल लेबलं जागच्या जागी. पायाभोवतीच्या स्कर्टिंगचा एक पत्रा काढून खाली टॉर्च मारला, अँकर आणि पट्टे सगळे मोजून फोटो काढले. विकणारे आजोबा सोबत वाकून बघत होते. खरेदीदार मुलगा तेवीस वर्षांचा आहे, त्याच्या काका-काकूंचं रान पलीकडेच, एवढं त्यांच्याकडून कळलं. विहिरीच्या पाण्याची तपासणी लागेल हे रिपोर्टात लिहिते आहे. घरात चार तास होते. घाई केली नाही.

तुलनेला सहा विक्री मिळाल्या, त्यातल्या तीन चांगल्या आहेत. रिपोर्ट सोमवारी जाईल.

एक प्रश्न अजून राहिला. मिल्स आणि सॅन सबा या दोन काउंट्या माझ्या यादीतून कमी करायची विनंती करावी का, असं मनात आहे. कमी केल्या तर तिकडच्या सैनिकाला माझ्यामुळे उशीर होतो का? तिकडे पॅनलवर आणखी किती जण आहेत हे मला कळायला काही मार्ग आहे का? कुणी काउंटी कमी करून घेतली असेल तर कसं लिहिलं ते सांगा.

कॅरोलिनाकर

मी दोन काउंट्या कमी केल्या होत्या, २०१९ मध्ये. एकदम करू नका, हातातली तिकडची सगळी कामं संपवून मग पत्र द्या. आणि किती जण आहेत हे लोन सेंटरला सरळ फोन करून विचारा. मी विचारलं होतं. तिथल्या बाईंनी सांगितलं की एका काउंटीत माझ्याशिवाय एकच जण आहे, तेव्हा ती मी ठेवली, दुसरी सोडली.

अनघा_टेंपल

सोमवारी रिपोर्ट गेला की फोन करते. सॅन सबात कमी माणसं असली तर तीच ठेवेन. रस्ता आता पाठ झाला आहे.