फास्ट चार्जिंग नसेल तर ती टूरिंगची गाडीच नव्हे?

चाकावरचा
काल दुसऱ्या धाग्यावर ‘दूरचा पल्ला’ यांनी एका वाक्यात निकाल लावला: ‘डीसी फास्ट चार्जिंग नसलेली इलेक्ट्रिक मोटरसायकल ही ऑफिसला जायची गाडी, तिच्यावर टूरिंगच्या गप्पा मारू नयेत.’ खाली +१ ची रांग. मला हे अजिबात पटलेलं नाही आणि दोन ओळींत उत्तर देता येत नाही, म्हणून वेगळा धागा.

चार्जिंगच्या खांबावर किती किलोवॅट लिहिलंय ते सोडा, गाडी किती घेते ते बघा. लाइव्हवायर वन ही डीसीवाली मोटरसायकल, बॅटरी १५.४ किलोवॅट-तासांची. डीसीवर, म्हणजे खांबातून थेट बॅटरीत वीज घेऊन, शून्य ते ८० टक्के ४० मिनिटांत, हा कंपनीचाच आकडा. हिशेब केला तर सरासरी साडेअठरा किलोवॅट पडतात. म्हणजे खांब ५०चा असो की १५०चा, तुमच्या पदरात पडणार तेवढंच. आता झीरो कंपनीची २०२०ची एसआर/एफ मोटरसायकल बघा. डीसी नाहीच. पण सहा किलोवॅटचा ऑनबोर्ड चार्जर (एसी वीज बॅटरीजोगी करणारा, गाडीतच बसवलेला) आणि वर चार्ज टँक, म्हणजे टाकीच्या जागेतला जादा चार्जर, घेतला की साध्या एसी खांबावर १२ किलोवॅट घेते, १४.४ची बॅटरी तासाभरात ९५ टक्के. फरक आहे, पण एवढ्यावरून एकीला टूरर आणि दुसरीला ऑफिसची गाडी ठरवायचं?

आणि याच्या उलट बाजूबद्दल कुणी बोलत नाही. तीच लाइव्हवायर एसी खांबाला लावा, घरच्या सॉकेटच्याच वेगाने भरते. डीसी खांब बंद निघाला की रात्र तिथेच. एसी खांब मुक्कामाच्या ठिकाणी, पार्किंगमध्ये, कुठेही असतात. मला दहा ठिकाणी बारा मिळालेले चालतील, एका ठिकाणी वीस नकोत.

दूरचा पल्ला
माझं वाक्य उचललंत, पण त्यामागचं कारण सोडून दिलंत. तुमच्याच एसआर/एफचे कंपनीचे आकडे घ्या: शहरात २५९ किमी, ताशी ११३च्या स्थिर वेगाला १३२. महामार्गावर रेंज निम्म्यावर येते, कारण मोटरसायकल वारा कापत नाही, छातीवर घेते. म्हणजे जेमतेम सव्वा तास चालवा आणि तासभर बसा. याला प्रवास म्हणायचं?

आणि तो तासही चार्ज टँकवाल्यांचा. माझ्या आधीच्या गाडीचा ऑनबोर्ड चार्जर तीनचा होता. एकदा खांबावर ठळक २२ लिहिलेलं पाहून थांबलो. स्क्रीनवर आकडा २.९, आणि तो शेवटपर्यंत हलला नाही. पाऊस, बसायला आडोसा नाही, हेल्मेट डोक्यावर ठेवूनच उभा. अंधार पडला तेव्हा कुठे निघता आलं. हे ज्याने काढलंय त्याला ‘एसी कुठेही असतो’ हे सांगू नका.

वायरमन
पल्लासाहेब, तो २२चा आकडा तीन फेजचा असतो. बहुतेक मोटरसायकली एकच फेज घेतात. २३० व्होल्ट गुणिले ३२ अँपिअर म्हणजे ७.४ किलोवॅट, एका फेजवर त्याच्या वर खांब देऊच शकत नाही. वरचे ते बारा हवे असतील तर गाडीने एकाहून जास्त फेज घ्यायला हवेत. त्यातही गाडीतला चार्जर तीनचा असेल तर तीनच. खांबाने तुम्हाला फसवलं नाही, शोरूममध्ये कुणी सांगितलं नाही एवढंच.

‘सगळ्या गाड्यांना डीसी का देत नाहीत’ याचंही उत्तर देऊन टाकतो, नेहमी विचारलं जातं. झीरोचा बॅटरी पॅक साधारण शंभर व्होल्टचा. सीसीएसचे (हा डीसी चार्जिंगच्या प्लगचा प्रकार) बरेच खांब दीडशे-दोनशे व्होल्टच्या खाली उतरतच नाहीत. आणि समजा उतरले, तरी १२५ अँपिअरच्या गनमधून (केबलच्या टोकाचा प्लग) शंभर व्होल्टला साडेबारा किलोवॅट मिळणार. म्हणजे एसीवर मिळतात तेवढेच. डीसीचा फायदा हवा तर एनर्जिका या इटालियन मोटरसायकल कंपनीसारखा तीनशे व्होल्टच्या घरातला पॅक बांधावा लागतो. मालिकेत जास्त सेल, जास्त इन्सुलेशन, जास्त खर्च.

कासवगती
आणि ती एनर्जिका ऑक्टोबर २०२४मध्ये दिवाळखोरीत गेली. डीसीच्या मागे लागून काय मिळालं?

दूरचा पल्ला
कंपनी बुडाली ती चार्जिंग पोर्टमुळे? काहीही. ज्यांच्याकडे त्या गाड्या आहेत ते आजही चाळीस मिनिटांत ८० टक्के करून पुढे जातात.

चारचाकीवाली
मला तुमच्या व्होल्टशी देणंघेणं नाही. मी १५०च्या खांबापाशी रांगेत उभी होते आणि पुढे एक मोटरसायकल. स्क्रीनवर ९३ टक्के, पाच किलोवॅट. मालक बेपत्ता. माझ्या गाडीत मागच्या सीटवर वैतागलेली दोन मुलं. दोन गनच्या बऱ्याच खांबांवर दोघं लागले की वीज वाटली जाते, त्यामुळे शेजारच्या गाडीचाही वेग पडलेला. वीस किलोवॅट घेणाऱ्याने मोठ्या खांबावर यावंच का?

दूरचा पल्ला
कारण दुसरा डीसी खांब नसतो म्हणून. आणि तुमच्या चारचाकीवाल्यांचं काय? गाडी भरून झाल्यावर तासभर तशीच लावून जाणारे कोण असतात? माझी गन कुणीतरी मधेच काढली होती. परत आलो तर गाडी जागेवरून सरकवलेली, आरसा वाकलेला. ती जड केबल बाजूच्या स्टँडवरच्या गाडीच्या पोर्टाला लोंबकळत असते, ओढली तर गाडी आडवी होते. मी केबलचा भार हँडलला पट्टा बांधून पेलतो. तुम्हाला हे कधी करावं लागलंय?

चारचाकीवाली
आरसा मी वाकवला नाही. माझ्यावर ओरडून काय उपयोग? प्रश्न ९३ टक्क्यांचा आहे, त्यावर बोला.

वायरमन
बाईंचा मुद्दा बरोबर आहे. वर दिलेले लाइव्हवायरचेच आकडे पुढे न्या: ८० टक्के ४० मिनिटांत, पूर्ण १०० टक्के ६० मिनिटांत. आधी मिनिटाला दोन टक्के, शेवटी एक. सेल भरत आले की करंट उतरवावाच लागतो. मोठ्या खांबावर ८०च्या पुढे बसणं म्हणजे दुसऱ्याचा वेळ खाणं.

दूरचा पल्ला
१५च्या बॅटरीतले २० टक्के सोडायचे म्हणजे महामार्गावर पंचवीस-तीस किमी सोडायचे. पुढचा खांब नेमका तेवढ्यानेच आवाक्याबाहेर राहिला तर मी ढकलत नेऊ? चारचाकीच्या बॅटरीत एवढ्याने काही बिघडत नाही, आमच्यात बिघडतं.

कासवगती
या सगळ्यावर उत्तर एकच: रिकामी बॅटरी काढून भरलेली लावा. तैवानची गोगोरो कंपनी २०१५पासून करतेय. खांब नको, रांग नको, भांडण नको.

चाकावरचा
गोगोरो स्कूटरसाठी आहे हो. होंडाचा मोबाइल पॉवर पॅक, म्हणजे अशीच काढता-घालता येणारी बॅटरी, घ्या, १.३ किलोवॅट-तास, वजन दहा किलो. १५ हवे असतील तर अकरा-बारा पॅक. प्रत्येक थांब्यावर सव्वाशे किलो उतरवायचे आणि चढवायचे? शहरात उत्तम, इथे विषय लांब पल्ल्याचा आहे.

मूळ मुद्द्यावर येतो. पल्ला, पावसातली तुमची तक्रार एसीबद्दलची नाहीच, तीन किलोवॅटच्या चार्जरबद्दलची आहे. तोच चार्जर बाराचा असता तर तासाभरात निघाला असतात. कंपन्यांकडे मागायचं ते हे: मोठा ऑनबोर्ड चार्जर, आणि तोही वरचे पैसे घेऊन नाही, मूळ गाडीतच. चार्ज टँकने टाकीतली सामानाची जागा जाते, त्याबद्दल माझंही भांडण आहे.

दूरचा पल्ला
बारा घेणारी असेल तर टूरिंगची म्हणा, माझी हरकत नाही. तीनवालीला म्हणणार नाही. आणि मी स्वतः पुढची गाडी डीसीचीच घेणार, त्यात बदल नाही.

चाकावरचा
डीसीची घ्या, पण एसीवर किती घेते तेही विचारून घ्या. दोन्ही असेल तर मीही रांगेत आहे.

चारचाकीवाली
आणि ८०नंतर खांब सोडायचं काय ठरलं?

दूरचा पल्ला
मागे कुणी उभं असेल आणि पुढचा खांब आवाक्यात असेल तर सोडेन. नसेल तर गाडीजवळ थांबेन, म्हणजे तुम्हाला मला शोधत फिरावं लागणार नाही. यापुढे जाणार नाही.