मदत हवी आहे: केळीच्या पिकअपसाठी मागचा अ‍ॅक्सल बघू की पुढचा?

राम राम मंडळी. रावेर-सावदा पट्ट्यात वावरातून केळी भरून काढायला जुनी पिकअप घ्यायची आहे. दोन बघितल्या. पहिलीच्या मागच्या चाकांचा हब मधोमध बाहेर आलेला, त्यावर बोल्टांचं कडं. पुढचे दोन्ही टायर आतल्या काठाने झिजलेले. दुसरीचा मागचा हब सपाट, डाव्या ड्रमखाली तेलाचे डाग. दुसरी स्वस्त आहे. विकणारा म्हणतो, मागे कमानीचा एक पाटा वाढवला की दोन टन बिनधास्त. कोणती घ्यावी?

प्रतिसाद १
भाऊ, बोल्टांचं कडं म्हणजे फुल फ्लोटिंग. त्यात वजन हाऊसिंग (अ‍ॅक्सलची बाहेरची नळी) आणि हबमधली दोन बेअरिंगं पेलतात, आतला शाफ्ट फक्त चाक फिरवतो. शाफ्ट तुटला तर गाडी जागेवर उभी राहते, पण चाक निघत नाही. सपाट हबचा बहुतेक सेमी फ्लोटिंग असतो. तिथे वजन आणि पीळ दोन्ही शाफ्टवरच, आणि तो बाहेरच्या टोकाला तुटला तर चाकासकट बाहेर येतो. काळ्या मातीत गरगर फिरणारं चाक एकदम कडक जमीन धरतं, तो झटका शाफ्ट मोडतो.

पाटा वाढवल्याने गाडी बसत नाही, एवढंच. बेअरिंग, हाऊसिंग, ब्रेक तेच राहतात. आरसीवरचं वजन हीच हद्द धरा.

प्रतिसाद २
दुसरीच्या ड्रमखालच्या तेलाबद्दल: नुसतं सील (तेल अडवणारी रबरी कडी) बदलून भागणार नाही. आधी हाऊसिंगवरचा ब्रीदर (हवा जायची बारीक नळी) काढून फुंकून बघा. तो चिखलाने बुजला की तापलेल्या तेलाचा दाब सीलवर येतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तेल तापतंच. मग सपाट जागी फिलर प्लग (तेल भरायच्या भोकाचं बूच) काढा. तेल भोकाच्या खालच्या काठाला हवं, त्यावर नको. बेअरिंग ढिलं असेल तर नवं सीलही महिनाभरात गळेल. तेल प्यालेले ब्रेक शू धुऊन परत बसवू नका, दोन्ही बाजूंचे बदला. एकच बाजू बदलली तर ब्रेक मारल्यावर गाडी ओढते.

धागाकर्ता
मग पहिलीचे टायर? पुढचा अ‍ॅक्सल वाकला असेल का?

प्रतिसाद ३
दोन्ही टायर आतल्या काठाने सारखे झिजले असतील तर बहुतेक टो-आउट, म्हणजे चाकांची तोंडं पुढून बाहेर फाकलेली. टाय रॉड (दोन्ही पुढची चाकं जोडणारा दांडा) तपासून अलाइनमेंट करा. एकच टायर एका काठाने गेला असता तर अ‍ॅक्सल बीम वाकल्याचा किंवा किंगपिन (ज्या खिळीवर चाक वळतं ती) झिजल्याचा संशय घेतला असता.

तरी पुढचं चाक जॅकवर उचला. वर-खाली धरून हलवा आणि दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर हब बेअरिंग ढिलं, तसाच राहिला तर किंगपिन किंवा बुश. डावी-उजवीकडे हलला तर टाय रॉड एंड. किंगपिनला ग्रीस मारताना चाक अधांतरी ठेवा, भार असताना ग्रीस खालच्या थ्रस्ट बेअरिंगपर्यंत जात नाही.

माल भरायची जागाही बघा. समजा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर) ३००० मिमी, माल १५०० किलो. मालाचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या ३०० मिमी पुढे असेल तर पुढे १५० किलो जातात, मागे १३५०. तोच मध्य अ‍ॅक्सलच्या ३०० मिमी मागे गेला तर मागे १६५० आणि पुढचा अ‍ॅक्सल १५० किलोने हलका. कन्नड घाटाच्या वळणावर मग स्टिअरिंग हातात राहत नाही. घड केबिनला टेकवून भरा, फाळक्याबाहेर लोंबकळू देऊ नका.

पहिली घ्या. टाय रॉड किंवा किंगपिन-बुश, जे ढिलं निघेल त्याचा खर्च भावातून वजा करून मागा. आणि मागचे यू-बोल्ट (कमान अ‍ॅक्सलला आवळणारे) घट्ट आहेत का ते बघूनच पैसे द्या.