ॲव्ह्रोच्या खिडक्या का रंगतात
ओपनटीटीडी या वाहतूक कंपनी चालवायच्या कॉम्प्युटर गेमसाठी ॲव्ह्रो ७४८ या प्रवासी विमानाची चित्रं करतोयस आणि कंपनीचा रंग बदलला की खिडक्यापण बदलतात असं विचारलंयस ना, तर तो पॅलेटचा घोळ आहे. ८ बिट पॅलेटमधले, म्हणजे गेमच्या २५६ रंगांच्या यादीतले, १९८ ते २०५ नंबरचे निळे कंपनीच्या रंगासाठी राखीव असतात, खिडक्यांना तेच लागले असणार, दुसरे निळे घे आणि आठही दिशांची चित्रं परत एकदा तपास, कंटाळा नको करूस. सावली काढत बसू नको, ती गेमच टाकतो. गेममधला विमानाचा टाइप स्मॉलच ठेव, मोठी जेट छोट्या एअरपोर्टवर क्रॅश व्हायची भीती जास्त असते. आणि प्लीज पूर्ण कर रे, कानपूरला बनलेलं पहिलं ॲव्ह्रो १९६१ साली उडालं, आपल्या गेममध्ये ते असायलाच हवं!