मदत हवी आहे: चिनी वैद्यांनी हिरडा दिलाय, कच्चा की भाजलेला?

नमस्कार मंडळी. मी सिंगापूरला असते. वर्गात बोलून बोलून आवाज पार बसलाय. इथल्या चिनी वैद्यांनी काढ्याची पुडी दिली, त्यात ‘हेझ’. उघडून बघते तर पाच कडांचा, सुरकुतलेला आपला हिरडाच की! चघळल्यावर जीभही तशीच आखडली.

आजी एरंडेलात परतलेला बाळहिरडा पोट साफ व्हायला द्यायची. इथले वैद्य म्हणतात, हेझ तुरट, जुने जुलाब थांबवतो. त्यासाठी भाजलेला, आणि आवाज-खोकल्यासाठी कच्चा. माझ्या पुडीतला काळपट दिसतोय. भाजलेला ओळखायचा कसा? मला मुळातच बद्धकोष्ठ, शिवाय रक्तदाबाची गोळी चालू (वैद्यांना सांगायचं राहिलं, चूक माझीच). दोन्हीकडचं जाणणारं कुणी आहे का? तोवर काढा उकळलेला नाही.