प्रभुभोजन: एका प्याल्यातून की चाळीस छोट्या पेल्यांतून?

कठड्यापाशी
सलाम मंडळी. प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) मराठी मंडळ्यांत तो वाटायच्या दोन रीती आहेत. अँग्लिकन परंपरेत लोक वेदीच्या कठड्यापाशी गुडघे टेकतात. पाळक भाकर तळहातावर ठेवतात आणि मागून येणारा सेवक प्याला ओठांना लावतो. अमेरिकन मराठी मिशनमधून आलेल्या चर्चांची परंपरा वेगळी. तिथे लोक बाकावरच बसून राहतात, पंच (मंडळीचे कारभारी) छोट्या पेल्यांचं ताट फिरवतात आणि सगळे एकदम पितात. १९७० साली नागपुरात सहा वेगवेगळी चर्चेस एक होऊन सीएनआय झाली, तरी वळणं राहिलीच. कोविडात सामायिक प्याला बाजूला ठेवला ते योग्यच होतं. पण आता जिथे तो होता तिथे परत यावा, असं माझं स्पष्ट मत.

पहिलं कारण, करिंथकरांस पहिल्या पत्राचा दहावा अध्याय. भाकर एक म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर, असं पौल सांगतो. चाळीस पेले हे त्या वाक्याचं चित्र नाही.

दुसरं कारण महाराष्ट्राचं आहे. आपल्या किती घराण्यांचे पूर्वज अशा गावांतून आले जिथे त्यांना पाणी ओंजळीत वरून ओतून मिळायचं! महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. त्या काळात एकाच भांड्याला सगळ्यांचे ओठ लागणं हा केवळ विधी नव्हता. दक्षिणेतल्या मंडळ्यांत तर प्रभुभोजनाला आधी कोण येणार यावरून जात डोकवायची आणि १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना जातिभेद सोडा म्हणून हुकूम काढावा लागला. असा प्याला जंतूंच्या नावाखाली कपाटात ठेवून द्यायचा?

सूक्ष्मदर्शी
दुसरा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण जंतू "नावाखाली" येत नाहीत, खरेच येतात.

वाइन आणि चांदीचा प्याला जंतू मारतात, हा गैरसमज आधी काढू. वाइनमध्ये अल्कोहोल साधारण १२ टक्के असतं. हात निर्जंतुक करायच्या द्रवात ते ६० टक्क्यांहून जास्त लागतं, आणि दोन माणसांच्या घोटांत अंतर असतं काही सेकंदांचं. तेवढ्यात चांदीही काही करत नाही. कडा पुसल्याने जंतू कमी होतात, संपत नाहीत.

आता उलट बाजू. क्षयरोग हवेतून पसरतो, प्याल्यातून नव्हे. एचआयव्हीही प्याल्याने पसरत नाही. सामायिक प्याल्यामुळे एखादी साथ पसरल्याची नोंद नाही, असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या तज्ज्ञांनी १९९८ मध्ये लिहिलं होतं. तेव्हा भीती अवास्तव वाढवू नका. पण सर्दी, ओठांवरचे हर्पिसचे फोड, पोटाचे विषाणू यांची शक्यता उरतेच. केमोथेरपी चालू असलेला किंवा मूत्रपिंड बदललेला माणूस रांगेत असतो आणि तो पाळकांना हे सांगत बसत नाही. फक्त प्रभुभोजनाच्या रविवारी यायचं टाळतो. एकतेचं चिन्ह जपताना तो बाहेर राहत असेल, तर ते चिन्ह अपुरं पडलं.

आणि कृपा करून "मग भाकर बुडवून घ्या" हा तोडगा सुचवू नका. प्रत्येकाने स्वतः बुडवली की नखं आणि बोटं रसात जातात. हात ओठांपेक्षा स्वच्छ असतात असं कोणी सांगितलं?

कठड्यापाशी
बुडवण्याबद्दल सहमत. पण प्याला नीट चालवला तर फरक पडतो, आणि तो नीट चालवायला कोणी शिकवत नाही ही खरी अडचण. प्रत्येकानंतर कड आतून-बाहेरून पुसायची, प्याला पाव वळसा फिरवायचा, रुमालाची कोरडी घडी पुढे घ्यायची. आठ-दहा जणांनंतर रुमाल ओला होतो. तोच पुढे वापरला तर आपण पुसत नसून सारवत असतो. एका प्याल्यामागे किमान तीन सुती रुमाल हवेत. नायलॉनचे शोभेचे नकोत, ते शोषत नाहीत. प्याला घेणाऱ्यानेही त्याच्या तळाला हात लावून तो आपल्याकडे कलता करावा. न धरता नुसती मान वर केली की सेवकाला अंदाज येत नाही आणि रस पांढऱ्या साडीवर सांडतो.

उत्तनकर
कॅथलिक बाजूने थोडं. आमच्याकडे मिस्सात (प्रभुभोजनाच्या उपासनेत) बहुतेक वेळा लोकांना फक्त ऑस्तिया, म्हणजे पातळ बिनखमिराची भाकर मिळते. भाकरीच्या एका रूपातही ख्रिस्त पूर्ण आहे, ही आमची शिकवण. १४१५ च्या कॉन्स्टन्सच्या परिषदेने लोकांना प्याला देणं बंद केलं; १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ठराविक प्रसंगी पुन्हा मोकळं केलं. दोन्ही रूपं बुडवून द्यायची तर फादर स्वतः बुडवतात आणि जिभेवर ठेवतात, हातावर कधीच नाही. सूक्ष्मदर्शींची हरकत इथे लागू होत नाही. फादरांचं बोट जिभेला लागतं ही वेगळी भानगड, आणि ते अधूनमधून होतं.

ऑस्तिया म्हणजे निव्वळ गव्हाचं पीठ आणि पाणी, तापलेल्या दोन लोखंडी पट्ट्यांत भाजलेलं. मीठ, यीस्ट काही नाही. ग्लुटेन अजिबात नसलेली चालत नाही, अगदी कमी असलेली चालते. पावसाळ्यात उघडी राहिली की सादळते, मग मोडताना आवाजच येत नाही. घेण्यापूर्वी एक तास पोट रिकामं हवं. पाणी आणि औषध चालतं.

तुमचा अर्धा वाद एका रूपाने मिटतो, एवढंच म्हणायचंय.

कठड्यापाशी
मिटत नाही हो उत्तनकर. अँग्लिकनांच्या एकोणचाळीस कलमांपैकी तिसावं कलम याचसाठी आहे: लोकांना प्याला नाकारू नये. तुमचा तोडगा म्हणजे आमच्या भांडणाचं मूळ.

आजाऱ्याला किंवा व्यसनातून बाहेर आलेल्याला मात्र नुसती भाकर पुरते. गरज पडली तर एकच रूप चालतं ही सवलत इंग्लंडच्या १५४७ च्या कायद्यातही होती. ज्याला प्याला नको त्याने भाकर घेऊन हात छातीवर घ्यावेत, सेवक पुढे जाईल. प्याला नको असणाऱ्यांसाठी एवढी सोय आहे. त्यासाठी सगळ्यांचा प्याला का काढायचा?

द्राक्षमळा
कारण मग रांगेतल्या सगळ्यांना कळतं की हा पिणारा होता.

मेथडिस्टांनी यावर उपाय केला त्याला दीडशे वर्षं झाली. न्यू जर्सीत डॉ. थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने १८६९ मध्ये द्राक्षरस तापवून आंबणं थांबवलं, ते प्रभुभोजनासाठीच. आमच्याकडे वाइन नाही, रसच. धार्मिक विधीसाठी वाइनला परवानगीची तरतूद १९४९ च्या दारूबंदी कायद्यात आहे, त्यामुळे मुद्दा कायद्याचा नाही. दारूने घरं बसलेल्या वस्त्यांमधल्या मंडळीत वेदीवरून तो वास येऊ नये, एवढाच आहे.

रस घरी करता येतो. पाव किलो काळे मनुके धुऊन एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर वीस मिनिटं उकळा, कुस्करा आणि मलमलीतून दोनदा गाळा. पाऊण लिटरच्या आसपास मिळतो. साखर, लवंग घालू नका, ते नाताळच्या वाइनचं काम. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो. बाहेर ठेवलात तर मे महिन्यात दुसऱ्या दिवशी फेस येतो आणि तुमची बिनदारूची उपासना संपते.

पण असा रस सामायिक प्याल्यात देऊ नका. साखर भरपूर आणि अल्कोहोल शून्य, म्हणजे सूक्ष्मदर्शी सांगतात त्याहून वाईट. रस घेतलात की पेले ओघानेच आले.

ताटवाला_पंच
आणि पेल्यांचं काम कोणाच्या गळ्यात पडतं? आमच्या.

एका ताटात ४० पेले, एकात साधारण ८ मिलिलिटर. १६० लोकांना चार ताटं आणि सव्वा ते दीड लिटर रस. सामायिक प्याल्यात तेवढ्यांना जेमतेम पाऊण लिटर लागतो. पेले आदल्या रात्री भरले की सकाळी मुंग्या. काठोकाठ भरले की ताट बाकावरून पुढे देताना सांडतं. उपासनेआधी अर्धा तास, पाऊण पेला, वर झाकण, ही रीत. भाकर बारीक कापली तरी भुगा कमी होत नाही: ब्रेडच्या कडा काढा, एका स्लाइसचे १६ तुकडे करा, शिळी असेल तर सुरी सरळ जाते.

नंतर १६० पेल्यांत तळाशी थेंब उरतात. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे उरलेलं तिथेच आदराने खाऊन-पिऊन संपवायचं. १६० थेंब कसे संपवणार? ते सिंकमध्ये जातात. रस वाळला की काच चिकट होते आणि लगेच गरम पाण्यात टाकले नाहीत तर ब्रश आत जात नाही. म्हणून कोणीतरी प्लास्टिकचे आणले. महाराष्ट्रात वापरून फेकायचे प्लास्टिकचे पेले २०१८ पासून बंद आहेत, देशभर जुलै २०२२ पासून. वेदीवर बंदी असलेला माल ठेवून पापांगीकार म्हणायचा, हे मला पटत नाही.

माझं मत प्याल्याच्या बाजूने, आणि कारण धर्मशास्त्राचं नाही, सिंकचं आहे.

कुर्बाना_दादर
ऑर्थोडॉक्समध्ये हे भांडणच नाही. भाकर खमीर घातलेली. वाइनमध्ये भिजलेला तुकडा अच्चन (आमचे पाळक) थेट तोंडात देतात. आदल्या मध्यरात्रीपासून उपास. आणि तान्ह्या बाळालाही बाप्तिस्म्याच्या दिवशीच मिळतं. तुम्ही दृढीकरणापर्यंत (मोठेपणी विश्वास जाहीर करायच्या विधीपर्यंत) थांबवता त्यावर कोणी धागा काढत नाही!

सूक्ष्मदर्शी
तो वेगळा धागा, जरूर काढा. पंच, सिंकचा मुद्दा खरा. पण त्याला प्याला हेच उत्तर नाही. स्टीलचे पेले घ्या, मंडळीला शेवटचा थेंब संपवायला सांगा, आणि पहिलं धुतलेलं पाणी वेगळ्या भांड्यात धरून झाडाला घाला.

कठड्यापाशी
१६० जण पेला उलटा करून थेंब निथळत बसले की ते भोजन उरत नाही, औषधाचा डोस होतो. दोन प्याले, चार सेवक, ज्याला नको त्याच्यासाठी बाजूला दहा पेल्यांचं एक छोटं ताट. मी याहून मागे हटणार नाही.

द्राक्षमळा
दहा पेले चालतात तर चाळीस का नाही, एवढं सांगा.

ताटवाला_पंच
दहा मी स्वतः धुतो. आणि प्याले आणणारच असाल तर पितळेचे घेऊ नका. द्राक्षाच्या आंबटपणाने आतून हिरवट कळकतं आणि ते पोटात जातं. आतून सोन्याचा मुलामा असेल तर ठीक, नाहीतर साधं स्टील. काचेचा किंवा मातीचा नको. कॅथलिकांनी तर २००४ मध्ये फुटणारी भांडी सरळ बंदच केली, आणि फरशीवर फुटलेला भरला प्याला गोळा करायचं काम ज्याच्या वाट्याला येतं त्याला कारण विचारावं लागत नाही.